उपासाच्या दिवशीची गोळी

इकडं या गं, अशा दारात काय उभ्या राहिलात? बसा. दिवस राहू नयेत म्हणून मागाहून घ्यायच्या त्या गोळीचं डॉक्टरला विचारायला लाज वाटते, आणि नळावर एकमेकींच्या कानात वाट्टेल ते सांगता तेव्हा वाटत न्हाई? लई शहाण्या झालात. आता माझं ऐका. आमच्या उदगीरच्या गल्लीत एक शिवणकाम करणारी होती. नाव सांगणार न्हाई. लोकांनी ते घेऊन घेऊन पुरतं मळवलंय.

तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय तिला. मी म्हणायची, "अगं, गिळशील एखादी." ती ओठाच्या कोपऱ्यातून म्हणायची, "काय होत न्हाई व मावशी." सगळ्याला हेच उत्तर. बाही आखूड झाली, काय होत न्हाई. सासू दिवसभर बोलली, "काय होत न्हाई, टोचायची सवय हाय मला." हसायची, पण टाचणी पडू द्यायची न्हाई.

पहिली मुलगी सिझरची. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, एवढ्यात दिवस राहू देऊ नका. नवरा काही वापरायला तयार न्हाई. तांबीचं नाव काढलं की सासू म्हणे, "आधी नातू दे, मग काय बसवायचं ते बसव." म्हणून ही चोरून ती गोळी आणायची. गल्लीतलं मेडिकल सासऱ्याच्या दोस्ताचं, म्हणून पार बसस्टँडकडं जायची. एकदा न्हाई, सारखंच. मग पाळी कधी आधीच, कधी महिना उलटला तरी न्हाई. मळमळ, डोकं जड. पाळी लांबली की मशीनवर बसूनसुद्धा पाय हलायचा न्हाई तिचा.

मी तिला बाईंकडं नेलं. बाई म्हणाल्या, "ही अडीनडीची गोळी आहे, दर महिन्याची नाही. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. तीन दिवसांच्या पुढं तिचा भरवसा नाही, आणि लवकर घेऊनही कधी चुकते. पाळी मागंपुढं होते, पण पिशवी खराब होत नाही. पुढं मूल व्हायला अडचण नाही. तरी नेहमीसाठी साधन दुसरं घ्या."

ही मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दुसऱ्या साधनाला घरात विचारावं लागतंय व मावशी. गोळीला न्हाई लागत."

मग हरतालिका आली. आमच्याकडं त्या दिवशी बाया पाण्याचा थेंबही घेत न्हाईत. दोन दिवस आधी नवऱ्यानं ऐकलं नव्हतं. मधल्या दिवशी सासूनं घराबाहेर पडू दिलं न्हाई. गोळी हातात आली ती ऐन उपासाच्या सकाळी.

मी म्हटलं, "आत्ता घे. औषधाला कसला उपास?"

"पाण्याबिगर कशी गिळू? आन् पाणी पिलं, उपास मोडला, आन् ह्यांना काही झालं तर?" तिनं गोळी बटणांच्या डबीत ठेवली. "उद्या उपास सुटला की घेते. काय होत न्हाई."

ज्याच्यापायी गोळी आणायची वेळ आली, त्याच्याच आयुष्यासाठी ती डबीत राहिली. देवीनं तरी ह्यात कोणाचं ऐकावं?

दुसऱ्या दिवशी घेतली, पण गोळी चुकली. दिवस राहिले. सासू एकाएकी गोड बोलू लागली. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. दवाखान्यात रडता रडता हिनं नवऱ्याला गोळीचं सांगितलं, आपला माणूस म्हणून. त्यानं ते आईला सांगितलं, आईनं गल्लीला. "विष घातलं हिनं पोटच्याला. पिशवी जाळून घेतली. आता काय मूल होतंय हिला!"

बाईंनी मायलेकांना समोर बसवलं. "गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, त्याला इजाही करत नाही. असे गर्भ पडतात, ह्यात हिची चूक नाही. हिला मूल होईल." सासू बाहेर येऊन म्हणाली, "बाईच ती. बाईचीच बाजू घेणार."

हिला पोरीसकट माहेरी देगलूरला धाडलं. बस सुटायच्या आधी मी खिडकीशी गेले. तिनं तोंड उघडलं. वाटलं, म्हणेल आता, काय होत न्हाई. तिनं पोरीला मांडीवर ओढलं आन् खिडकीची काच लावून घेतली.

आता त्याच्यासाठी दुसरी बघून राहिलेत. यंदा हरतालिकेला सासू माझ्या दारात येऊन म्हणते, "पोराच्या नावानं उपास धरायला घरात कोणी उरलं न्हाई बघा." तिच्या मागं, समोरच्या ओट्यावर बसून तो भजी खात होता. ठणठणीत.

आणि तू गं, तिकडं देगलूरला हे तुझ्या कानावर आलं तर ऐक. तू अर्धा शिवून ठेवलेल्या माझ्या ब्लाऊजला एकच बाही लागलीय, दुसरी तुझ्यासाठी ठेवलीय. कोणाला हात लावू देत न्हाई मी. पोरीला घेऊन लवकर ये. आल्या आल्या आधी पाणी पी, मग बोलू.