पंधरा फुटांची वाट

धाकट्या भावाचा मला हेवा वाटत आला, हे आधीच लिहून टाकतो. आमचं घर अंगठेबहाद्दरांचं. त्यातनं उठून मी सांगलीला कॉलेजात गेलो, स्वतःच्या हातानं भाकऱ्या थापल्या, दुसऱ्यांची पुस्तकं मागून वाचली आणि बी. ए. झालो. आमच्या भावकीत तोवर कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हशीची धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं झालं." आणि धार पुरी केली.

लढाई संपून धाकटा परत आला तेव्हा याच आबांनी वेशीपर्यंत हलगी नेली. धाकटा चौथी पास. घरातून पळून जाऊन भरती झालेला. पूल बांधणाऱ्या, रस्ते आखणाऱ्या पलटणीत होता, तो हवालदार होऊन आला. घरात खुर्ची एकच, मी हायस्कुलात मास्तर झाल्यावर आणलेली. आबांनी ती झटकून त्याच्यापुढं ठेवली. मी उंबऱ्यावर बसलो. चार दिवस माणसं येत होती, त्याला इटलीच्या गोष्टी विचारत होती, आणि मला म्हणत होती, "मास्तर, जरा सरका की."

गावाला लागून मिरजेकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वीस गुंठ्यांचं रान होतं. नुकतंच ते म्युनिसिपालिटीच्या हद्दीत आलं होतं. आबांनी ठरवलं, दोघांना निम्मं निम्मं द्यायचं, दोघांनी घरं बांधायची. पण हद्दीतल्या जमिनीचे तुकडे पाडायचे तर आता म्युनिसिपालिटीची परवानगी लागत होती. अर्ज, सोबत नकाशा.

"तू शिकलेला, थोरला," आबा मला म्हणाले. "वाटं तू पाड. ह्यो उचलंल."

आमच्याकडं रीत तशीच. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, असा हिशेब. त्या हिशेबात माझ्यासारखा बी. ए. धरलेला नव्हता.

मला रस्त्याकडचा तुकडा पाहिजे होता. का, तेही सांगतो. रस्त्यावर घर बांधायचं, दारावर पाटी लावायची, पाटीवर नाव आणि नावापुढं बी. ए. ही अक्षरं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं ती वाचायची. कॉलेजात भाकरी करपली की मी ही पाटी डोळ्यांसमोर आणत असे. आता पहिली निवड त्याची. त्यानं रस्त्याकडचा तुकडा उचलला की त्या रस्त्यावर पुन्हा हलगीच वाजणार.

म्हणून मी डोकं चालवलं. रान रस्त्यावर एकशेदहा फूट रुंद, मागं जवळजवळ दोनशे फूट लांब. मी मधोमध आडवी रेघ मारली. दहा गुंठे पुढं, दहा मागं. मागच्या तुकड्यात विहीर आणि दोन आंबे. नकाशात मी विहीर चांगली ठळक काढली, आंब्यांना पानंसुद्धा काढली. पुढचा तुकडा कोरा ठेवला. आमचं रक्त कुणब्याचं, ते पाण्याकडं धावणार, असा माझा अंदाज.

घोंगडीवर नकाशा पसरला. आई चुलीपासून उठून दारात आली. धाकटा गुडघ्यावर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, उत्तर कुठली?"

"कसली उत्तर?"

"दिशा रं. नकाशाला उत्तर दावावी लागती."

आबा फस्सकन हसले. "बी. ए. झालं अन् उगवत-मावळत इसरलं!"

माझे कान तापले. "आपल्याच रानात उत्तर हुडकायला लागती व्हय?" मी म्हणालो. धाकटा हसला नाही. त्यानं मागच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "मी ह्यो घेतो. आईला पाणी जवळ हुईल."

"बघ रं पुन्हा," आबा म्हणाले. "रस्ता तिकडं हाय."

"बघितलं, आबा."

त्या दिवशी मी शाळेत शीळ घालत गेलो. अर्ज इंग्रजीत लिहिला, असा की म्युनिसिपालिटीतल्या कारकुनाला डिक्शनरी काढावी लागावी. आबांचा अंगठा घेतला आणि छापील फॉर्मसकट देऊन आलो.

महिन्याभरानं ओव्हरसियर जागा बघायला आले. डोक्यावर टोपी, हातात माझा नकाशा. आम्ही तिघं बांधावर उभे होतो. त्यांनी रान पायांनी मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "मागच्या प्लॉटवाल्यानं घरी जायचं कुठून?"

"शेजाऱ्याच्या बांधावरनं," मी म्हणालो. "आमच्या आज्यापासनं वहिवाट आहे. बैलगाडी जाते."

"ती शेताची वहिवाट झाली, मास्तर. घराला चालत नाही. प्रत्येक प्लॉटला सरकारी रस्त्यापासून स्वतःची वाट पाहिजे, पंधरा फूट. पुढच्या प्लॉटमधून सोडावी लागेल." मग फॉर्म उलटा करून माझ्यापुढं धरला. "मागच्या बाजूला नियम छापलेत. वाचले नाहीत का?"

वाचले नव्हते. फॉर्मची मागची बाजू मी बघितलीच नव्हती. इंग्रजी अर्ज लिहिण्यात मी इतका गुंग होतो.

आबा माझ्याकडं बघत होते. माझ्या एकशेदहा फुटांतले पंधरा गेले, तेही नेमके ज्या कडेला मी दार धरलं होतं त्या कडेचे. ओव्हरसियर म्हणाले, "नवा नकाशा द्या. आणि उत्तर दाखवा."

नवा नकाशा धाकट्यानं काढला. मिरजेहून ट्रेसिंगचं कापड आणलं, पिशवीतनं पलटणीतली पट्टी काढली आणि माझ्याच खुर्चीपुढं माझंच टेबल ओढून बसला. हात असा चालत होता की बघायचं नाही म्हटलं तरी मी बघत राहिलो. उत्तरेचा बाण त्यानं सगळ्यांत आधी काढला. मग वाट. मग मधली रेघ काढताना त्यानं ती सोळा फूट मागं सरकवली, स्वतःच्या तुकड्यात.

"हे काय करतोस?"

"वाटंत तुजं गेलं ते भरून निघाय नको? दहा गुंठं तुजं तुला पुरं."

तेव्हा मला कळलं. "तुला वाटंचं ठाऊक हुतं. पहिल्याच दिवशी."

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

पट्टीवरून बोट न काढता तो म्हणाला, "आबांम्होरं तुजी चूक काढू व्हय? आदीच त्या उत्तरंवरनं हसलं तुला." रेघ पुरी करून म्हणाला, "अन् फुडचा तुकडा तुला पायजे हुता. आंब्याला पानं काडलीस तवाच कळलं. नुस्तं मागितला असतास तरी दिला असता रं."

यानंतर माझा हेवा जायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तेव्हा तसं वाटलं. पण तो उलट वाढला. पूर्वी त्याच्याकडं बिल्ले होते आणि माझ्याकडं पदवी, निदान तोलाला तोल तरी होता. आता माझे दहा गुंठेही त्यानं दिल्यामुळं पुरे झाले होते, आणि त्यावर रागावताही येत नव्हतं. मी चहा करून आणला आणि टेबलावर जरा आपटूनच ठेवला. तो म्हणाला, "साखर लय झाली." तेवढं ऐकून मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांत परवानगी आली. नकाशा जसाच्या तसा मंजूर झाला. ओव्हरसियरनी आबांना बोलावून विचारलं म्हणे, हा कुणी काढला. आबांनी गावभर सांगितलं कुणी काढला ते.

घरं झाली. माझी पाटी लागली. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं, बी. ए. जरा मोठं. बाजूनं पंधरा फुटांची वाट मागं विहिरीकडं गेली. तोवर हद्दीतले बाकीचेही आपापल्या रानाचे तुकडे पाडायला लागले होते. त्यांना नकाशे पाहिजे होते, मंजूर होणारे, उत्तर दाखवलेले. बाजारादिवशी सकाळी मी पडवीत वह्या तपासत बसलो की कुणीतरी हातातली कागदाची गुंडाळी सावरत पाटीपुढं थांबायचं. बोटानं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायचं, "बी... ए..." मी वही खाली ठेवायचो, चष्मा नीट करायचो.

"आवं मास्तर, बरं झालं, शिकलेलं मानूस भेटलं," तो म्हणायचा. "ते नकाशं काडनारं हवालदार हितंच कुटं ऱ्हात्यात न्हवं?"

मी वाटेकडं हात करायचो. ती माझ्याच तुकड्यातनं गेली आहे, हे मी प्रत्येकाला सांगत असे.