साहेबांचा ओरखडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत. नेमणूक पिंजरे धुण्यासाठी, पण खरं काम ससे धरण्याचं. नवं औषध टोचायचं असलं की ससा मावशींच्या मांडीवर यायचा. एक हात पोटाखाली, दुसरा डोळ्यांवर, की स्वारी हूं की चूं करायची नाही. दुसऱ्या कुणी धरलं तर अशा लाथा झाडायचा की स्वतःचीच पाठ मोडून घ्यायचा.

"मावशी, तुमच्या हातात जादू आहे," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. मावशींना बरं वाटायचं आणि वाईटही. सशानं विश्वास टाकायचा आपल्यावर आणि त्याच्या बदल्यात मिळायची सुई, हा कुठला न्याय? पण नवऱ्याची सकाळची गोळीही अशाच कुणा सशाच्या जिवावर आली असणार, हे त्या विसरत नसत.

एक प्रयोग संपला आणि धडधाकट ससे लोकांना पाळायला द्यायचं ठरलं. मावशींनी एक पांढरा, वयस्कर ससा मागून घेतला.

"तिकडे दिवसभर ससे, आता घरातही?" नवरा म्हणाला.

"तुम्हाला सांभाळलंच ना? त्यात आणखी एक."

नुसता बसून खातो म्हणून नवऱ्यानं त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेब घरभर हिंडायचा, चपला कुरतडायचा. पण मावशींनी उचललं की दगड. कान पाठीला चिकटवून वाट बघत राहायचा.

"किती शांत बसतो बघ तुझ्याजवळ!"

"शांत कुठला हो? टोचून घ्यायला बसतो," मावशी म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

त्यांनी त्याला उचलणं सोडलं. कामावरून आल्या की गाजराचा पाला घेऊन जमिनीवर बसायच्या, हात पदराखाली. बरेच दिवस साहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी तो आपणहून मांडीवर चढला. मावशींचा हात सवयीनं त्याच्या डोळ्यांवर गेला, आणि साहेबांनी अशी लाथ हाणली की मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा!

"अहो, लवकर या! मारलं मला यानं!" मावशी हसत होत्या. नवरा कापूस शोधत होता, आणि साहेब तिथंच बसून उरलेला पाला खात होता.

दुसऱ्या दिवशी नवं घड्याळ दाखवावं तसा त्यांनी डॉक्टरीणबाईंना हात दाखवला.

"जादू गेली वाटतं, मावशी!"

"घरातली गेली एकदाची," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पुढचा ससा मांडीवर घेतला आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. तो मुकाट्यानं बसून राहिला.