मंगलकाकूंनी न टाकलेला फासा

खेळगड्यांनो, आज माझी चूक आमच्यातल्या सगळ्यात नव्या खेळाडूनं दाखवली.

दर रविवारी शुक्रवार पेठेत, माझ्या घरमालकीण मंगलकाकूंच्या बाहेरच्या खोलीत आमचा खेळ चालतो. गोष्ट मी सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि कुणाचं काय जमलं ते फासे ठरवतात. काकूंनाही खेळायचं होतं. पण खेळाच्या पुस्तकातले लांब कानांचे एल्फ, म्हणजे परीकथेतले जादुई लोक, बघून म्हणाल्या, "हे मला जमायचं न्हाय. मी आपली बाईच बरी."

म्हणून या वेळी सगळी पात्रं माणसंच. माझा मित्र रोहित तेव्हापासून कुरकुरतोय.

आज त्याच्या शिपायाला लांडगा चावला. जादूनं जखम भरणारं कुणी नव्हतंच. काकूंच्या पात्रानं त्याला धरून एका वस्तीवरचं दार वाजवलं. मी सवयीनं म्हणालो, "घरातली बाई दार उघडते का बघू. फासा टाका."

काकूंनी फासा उचललाच नाही. "ह्याला फासा कशाला? दारात जखमी माणूस हाय. आदी पाणी देतील, मग नाव इचारतील की."

मी फासा बाजूला सारला. चार वर्षांपूर्वी केम गावाहून येऊन खोली शोधत मी याच दारात उभा होतो, भर उन्हात. काकूंनी आधी पाण्याचा तांब्या दिला होता. नाव नंतर विचारलं.

"दार उघडलं," मी म्हणालो.

निघताना रोहित म्हणाला, "पुढच्या गोष्टीत पण माणसंच ठेव."

तुमच्या खेळात फासा न टाकता काय घडतं?