चंपाषष्ठीची तारीख

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही – ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलाजवळ नाही, तो पुण्याहून रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवतो. मग तुमच्याजवळ का? तुमची-माझी ओळख नाही म्हणूनच. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही, हे मी पुष्कळदा करून पाहिलं आहे.

नेकनूरमध्ये मला सुभेदार म्हणतात. नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत माझी खुर्ची असते, शाल असते, नारळ असतो. मी छाती काढून बसतो. काय करणार? उठून सांगू – काय सांगू?

थांबा, क्रमानं सांगतो. क्रमानं सांगायची सवय आहे मला. रिपोर्ट लिहिण्यात माझा हात कुणी धरला नसता.

युसूफ वडगावला बिरू राहतो. पलटणीत बीडकडचे आम्ही दोघंच, बाकी बहुतेक सातारा-कोल्हापूरचे. आमची बोली ऐकून ते हसायचे, म्हणून आम्ही एकमेकांना जास्तच धरून राहिलो. मी वयानं मोठा, म्हणून तो मला दादा म्हणायचा. अजून म्हणतो. घर धनगराचं. एके काळी शंभरावर मेंढरं होती, आता वीस-पंचवीस असतील. डावा पाय ओढत अजून त्यांच्यामागं हिंडतो.

त्या पायामुळंच पलटणीनं त्याला लवकर घरी पाठवलं. कागदावर कारण आलं – पडल्यामुळं झालेली इजा. बिरू सांगायचा, मला तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागला. पण कागद कागद असतो. गावातल्या कुणीतरी तो चावडीवर मोठ्यानं वाचला आणि त्या दिवसापासून बिरूचं नाव पडलं, घसरू फौजी. आपल्याकडं एकदा पडलेलं नाव माणूस मेल्याशिवाय सुटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बिरू त्या नावावरून काठी घेऊन लोकांच्या अंगावर धावायचा. एकदा तर सोयऱ्याच्या लग्नात, भर पंगतीत.

त्याला पेन्शन वाढवून नको होती. त्याला एक ओळ हवी होती. 'शत्रूच्या माऱ्यात जखमी.' एवढंच. ती ओळ मिळावी म्हणून त्यानं सात अर्ज केले, आणि ते सातही अर्ज मी लिहिले.

केजला गाडी बदलून तो यायचा. पायरीवर टेकायचा, पाय हातानं उचलून लांब करायचा. धोतराच्या सोग्यात बांधून कधी शेंगा आणायचा, कधी बोरं. मी चहा टाकायचो. मग तो म्हणायचा, "लिवा दादा. चंपाषष्ठीचा दिस व्हता. तारीख तुमीच काढा, मला कुटं कळतंय."

चंपाषष्ठी म्हणजे खंडोबाचा सण. बिरू सगळं सणावरून लक्षात ठेवतो. पोरगी कधी झाली? पोळ्याच्या आदल्या दिवशी. बाप कधी गेला? नागपंचमीला. पलटणीच्या दप्तरात मात्र सण नसतात, तारखा असतात. मी कपाटातून जुनी डायरी काढायचो, चष्मा पुसायचो, पानं उलटायचो. आणि तारीख लिहायचो – फेब्रुवारीतली.

चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते. फेब्रुवारीत ती कधीच येत नाही. हे तुम्हाला कळतं, मला कळत होतं. बिरूलाही कळलं असतं, अर्ज इंग्रजीत नसता तर. तो खाली मराठीत सही करायचा, एकेक अक्षर दाबून. चार-सहा महिन्यांनी उत्तर यायचं की, नमूद तारखेस सदर ठाण्यावर गोळाबार झाल्याची नोंद आढळत नाही. कशी आढळणार? त्या तारखेला तिथं काही झालंच नव्हतं. दप्तरवाल्यांचा दोष नाही. ते खरंच लिहीत होते.

"कावून लिवत न्हाईत ते, दादा? मी काय खोटं बोलतो व्हय?"

मी म्हणायचो, सरकारी काम, बिरू. परत लिहू.

मी असं का केलं, ते आता सांगावंच लागेल. किती फिरवणार?

सीमेवरच्या डोंगरावर आमचं छोटं ठाणं होतं, चार माणसांचं. मी नाईक, म्हणजे तिथला मुख्य मीच. समोरच्या डोंगरावर त्यांचं ठाणं. तेव्हा लढाई जाहीर नव्हती, पण गोळे यायचे, आपलेही जायचे. हुकूम एकच, आणि तो मीच रोज सगळ्यांना वाचून दाखवायचो – उजेड असताना विस्तव पेटवायचा नाही. रॉकेलचा स्टोव्ह आत, आडोशाला. लाकूड नाही. धूर नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी दोघं जण रसद आणायला खाली गेले होते. मी आणि बिरू उरलो. मला रोडगे खायची हुक्की आली. कणकेचे गोळे विस्तवात भाजतात ना, ते. स्टोव्हवर ते होत नाहीत, निखारेच लागतात. देव बिरूच्या घराण्याचा, नैवेद्याची घाई मला! खरं सांगू? नैवेद्य वगैरे तोंडदेखलं. मला घरची चव हवी होती. तीन महिने डबाबंद भाजी खाऊन तोंड विटलं होतं.

बिरू म्हणाला, "दादा, वली लाकडं हायती, लई धूर हुईल. ऱ्हाऊ द्या. देव काय रुसत न्हाई."

मी म्हणालो, इथं हुकूम कोण देतो?

आणि विस्तव पेटवला. धूर झाला. दाट, पांढरा, सरळ वर जाणारा. मी तो पाहत होतो, आणि तरी फुंकर घालत होतो. पहिला रोडगा अजून कच्चा होता, तेवढ्यात गोळा आला. एकच आला. मी खंदकाच्या आत होतो. बिरू बाहेर, माती टाकून विस्तव विझवायला गेलेला. माझा विस्तव.

मांडीच्या वरच्या अंगाला हरभऱ्याएवढं भोक. बाहेरून बघाल तर काही नाही. रक्त मी थांबवलं, पट्टी बांधली. त्याच दुपारी बर्फ सुरू झालं, वाट बंद. रसद आणायला गेलेले दोघंही खालीच अडकले. आठ दिवस त्याला खाली नेता आलं नाही. तो तापानं फणफणलेला, मेंढरांना नावानं हाका मारत होता. त्याच दिवशी मी फोनवर कळवलं की एक गोळा पडला, इजा कुणाला नाही; म्हणजे खऱ्या तारखेला गोळ्याची नोंद होती. आणि मग कागदावर लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात, की शिपाई बिरू पाणी आणताना घसरून तारेच्या कुंपणाच्या लोखंडी खुंटीवर पडला. खाली त्याची सही घेतली. तापात होता. कसला कागद, त्यानं विचारलंही नाही. दादांनी दिला म्हणून सही केली. खाली नेईपर्यंत भोक मिटलं होतं. तिथल्या डॉक्टरनं माझा कागद वाचला आणि विश्वास ठेवला.

खरं लिहिलं असतं तर माझी दंडावरची फीत गेली असती, कदाचित नोकरीही. फीत राहिली. वाढली. सुभेदार झालो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझी आई म्हणायची. तिला वाटायचं ती भावकीबद्दल बोलते आहे.

पण हेही पुरतं खरं नाही. निवृत्त झाल्यावर माझं कोण काय वाकडं करणार होतं? पहिल्या एक-दोन अर्जांना भीती होती, हे कबूल. नंतरचे अर्ज मी भीतीनं चुकीचे लिहिले नाहीत. मग कशानं? बायको गेली होती. मुलगा पुण्याला. दिवसभर घरात माझ्या स्वतःच्या चपलांचा आवाज. दाराशी येऊन "दादा, हाय का घरात?" म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तो अर्जासाठी यायचा. अर्ज मंजूर झाला असता तर तो कशाला आला असता?

लिहून पाहिल्यावर हे वाक्य वाटलं होतं त्याहून वाईट दिसतं. राहू द्या तसंच.

मागच्या वर्षी बिरूचा पाय फार सुजला. अंबाजोगाईला एक्स-रेचा फोटो काढला, तर हाडाजवळ पांढरा ठिपका. डॉक्टर म्हणाले, धातू आहे. फोटोची प्रत अर्जाला जोडली. या वेळी उत्तर वेगळं आलं – नोंद नाही, परंतु त्या वेळी सोबत असलेला कुणी सैनिक हयात असेल तर त्याचं शपथपत्र पाठवा, फेरविचार करू.

बिरू पहिल्या गाडीनं आला. हसत होता. पुढचे दोन दात पडलेत त्याचे, ते मला तेव्हा दिसलं. "दादा, आता झालं! साक्षीदार पायजे म्हनत्यात. तुमी हायच की!"

आठ दिवसांनी आम्ही केजला तहसीलबाहेर टायपिंगवाल्याच्या टपरीत बसलो. मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. घरून काय ठरवून निघालो होतो, ते मला आज खरंच सांगता येत नाही. पण शपथपत्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं माझा तो जुना कागद आला. दोन्ही एकाच टेबलावर जाणार, दोन्हीवर माझीच सही. चोराच्या मनात चांदणं. मग मी काय केलं असेल? हसू नका – मी माझ्या जुन्या खोट्याशी इमानदार राहिलो.

टायपिंगवाल्यानं रिवाजाप्रमाणं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. मराठीत होता. '...माझ्या समक्ष सदर इसम घसरून लोखंडी खुंटीवर पडला व त्यास इजा झाली.'

बिरू माझ्याकडं बघत राहिला. त्यानं ओरडायला हवं होतं. पंगतीत काठी उगारणारा माणूस तो! त्यानं हळूच विचारलं, "दादा, तुमी बगितलं व्हतं?"

मी हो म्हणालो.

त्यानं पाय हातानं उचलून जवळ घेतला. मग म्हणाला, "मंग तसंच असंल. मला ताप व्हता. तुमी सुदीत व्हते." टायपिंगवाल्याला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मालक, नका काढू कागद." आणि पायाच्या फोटोची गुंडाळी काखेत मारून गाडीकडं निघाला. मला हात धरून गाडीत त्यानंच चढवलं.

त्याची ओळ मी आधीच घेतली होती. त्या दिवशी त्याची आठवणसुद्धा काढून घेतली. गोळ्याचा आवाज, धूर, तोंडात गेलेली माती – एवढी वर्षं सगळं गाव हसत असताना त्यानं ते जपलं होतं, आणि माझ्या एका शब्दावर सोडून दिलं.

त्यानंतर तो आला नाही. पायरी मीच झाडतो, मीच बसतो.

तुम्ही म्हणाल, तूच जा आणि सांग. गेलो ना. मागच्या बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला उतरलो. सगळं पाठ करून गेलो होतो – धूर, कागद, फेब्रुवारी, टपरी. बिरू बाजारातल्या चहाच्या हॉटेलात चार जणांत बसलेला. मला बघून उठला, आपली जागा मला दिली आणि स्वतः पाय लांब करून फळीवर बसला. त्याला एवढा आनंद झाला होता की मी तिथंच बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात एका जाड्या माणसानं डोळा मारला. "काय घसरू फौजी, आज पाव्हने कोन?"

मी काठीकडं पाहिलं. बिरूनं ती उचलली नाही. तो हसला, तोंडभर, मलाही सामील करून घेत.

"व्हय बे, पडलतो मी. खुट्टीवर. एवढी वर्सं उगंच गोळा-गोळा करत व्हतो. खोटं वाटत आसंल तर इचारा, हे सुभेदार संगंच व्हते."

चौघं माझ्याकडं बघायला लागले. बिरूही बघत होता, शांत, माझ्या भरवशावर.

मी म्हणालो, "व्हय. पडलता."