तपकिरी बॅग

नदीकाठच्या जुन्या रस्त्यावरून सायकलनं फिरायला येणाऱ्या लोकांचं सामान मावशी वाहायच्या. माणसं पुढं हळूहळू पेडल मारत जायची आणि मावशी त्यांच्या बॅगा गाडीत घालून पुढच्या मुक्कामाच्या खोलीत नेऊन ठेवायच्या. पलीकडच्या डोंगराआडून हायवे झाल्यापासून खोऱ्यातल्या या रस्त्याला वाहनं उरलीच नव्हती. दिवसाकाठी एक दूधगाडी, एक टपालाची, आणि तिसरी मावशींची.

ही गाडी पूर्वी शाळेची होती. मावशींचे यजमान ती चालवत. शाळेत मुलं उरली नाहीत, शाळा बंद झाली, आणि त्याच वर्षी यजमानही गेले. गाडी दोन वर्षं दारात गंजत पडली. शेवटी मावशींच्या जाऊबाई, ज्यांचं खालच्या वळणावर सहा खोल्यांचं लॉज होतं, त्या म्हणाल्या, "अगं, रडून गाडी चालायची नाही. शिक चालवायला." पन्नाशीला टेकलेल्या मावशी शिकल्या. पहिल्या महिन्यात लॉजचं फाटक दोनदा पाडलं. जाऊबाईंनी दोन्ही वेळा नुसतं वर बघितलं.

मावशींना माणसं बॅगांवरून आठवायची. "लाल पट्टेवाली आली का?" "हिरवी जोडी उद्या निघतेय." दुपारी बाराच्या आत त्यांचं काम संपे आणि त्या घरी जात, त्यामुळे कित्येक बॅगांचे धनी त्यांनी सायकलवर बसलेले कधी पाहिलेच नाहीत.

त्यातली एक तपकिरी बॅग सलग सात वर्षं आली. धनी सत्तरीकडे झुकलेले, छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेले. एकटे यायचे, चार दिवसांचा प्रवास करायचे, आणि जिथं उतरतील तिथल्या पाट्यांवरच्या चुका खडूनं दुरुस्त करून ठेवायचे. "स्नानगृह"मधला न त्यांनी लॉजमध्ये तीन वेळा सुधारला.

"पाहुणा आहे की परीक्षक?" जाऊबाई धुसफुसायच्या.

मावशींशी त्यांचं बोलणं मोजकंच. "खालून धरा, वरचा बंद जुना झालाय." किंवा, "आज धुकं आहे. आज मी आणखी सावकाश जाणार." एकदा मावशींनी विचारलं होतं, "काका, घरी कोण कोण असतं?" त्यांनी बॅगेची चेन उगाच मागंपुढं केली आणि म्हणाले, "नदीला पाणी बरं आहे यंदा." मावशींनी पुन्हा विचारलं नाही.

सातव्या वर्षी, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जाऊबाईंचा फोन आला.

"बॅग आलीय गं, माणूस नाही आला."

मावशी गाडी घेऊन उलट्या निघाल्या. अर्ध्या वाटेत दूधगाडीवाला हात करत पुढं आला. वळणापलीकडं, पाण्याकडं तोंड करून, काका झाडाला टेकून बसले होते. सायकल नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट मांडीवर. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, दुपारीच. म्हणजे पाच-सहा तास ते तिथं तसेच बसून होते. रस्ता निवांत असला की असा निवांत असतो.

दुसऱ्या दिवशी एक पुतण्या आला. घाईत होता. कागदांवर सह्या केल्या, काकांना नेलं, सायकल नेली. बॅग खोलीतच राहिली. आठ दिवस कुणी विचारलं नाही तेव्हा मावशींनी बॅगेला अडकवलेली चिठ्ठी पाहिली आणि तिच्यावरच्या नंबरला फोन लावला. एका बाईंनी उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी त्यांची मुलगी. ती बॅग टाकून द्या तुम्ही."

टाकायला मावशींचा हात धजेना. जाऊबाई म्हणाल्या, "तिचं तिला नको, तुझं काय अडलंय?" रविवारी मावशींनी चिठ्ठी काढून पत्त्यासाठी खिशात ठेवली आणि कधी नव्हे त्या हायवेला लागल्या.

चौथ्या मजल्यावर चाळिशीच्या बाईंनी दार उघडलं. कपाळ हुबेहूब काकांचं. बॅग पाहून त्या बाजूला झाल्या, पाणी आणून दिलं. बॅग भिंतीशी ठेवली, उघडली नाही. मग मुलीनं, दुसरीकडं बघत, विचारलं,

"माझ्याबद्दल काही बोलायचे का ते?"

मावशी आयुष्यात फारशा खोटं बोलल्या नव्हत्या. पण त्या कपाळाकडं बघून त्यांची जीभ घसरली.

"बोलायचे की! फार बोलायचे. तुम्हाला सायकल शिकवली तेव्हाचं सांगायचे. तुम्ही पडलात, गुडघा फुटला, तरी रडला नाहीत म्हणायचे."

"मला सायकल येत नाही, मावशी," मुलगी म्हणाली. "रविवारी शिकवतो, असं म्हणायचे. मी फाटकाशी उभी राहायचे. त्यांचा रविवार नेहमी कुठल्या तरी नदीवर जायचा."

"चुकलं माझं," एवढंच मावशी पुटपुटल्या.

"असू दे. तुम्ही इतक्या लांब आलात." मुलीनं पेला उचलला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मावशींना जास्त लागलं. त्या जिना उतरल्या.

पेट्रोल भरायला थांबल्या तेव्हा खिशात हात घातला आणि चिठ्ठी हाताला लागली. पत्त्यापुरती वाचलेली चिठ्ठी त्यांनी आता पुरती वाचली. अक्षर छापल्यासारखं. "हरवल्यास कृपया माझ्या मुलीला कळवावे." खाली तिचं नाव, पत्ता, नंबर. पत्ता दोनदा बदललेला, जुने दोन्ही पट्टी लावून एका रेघेत खोडलेले. मुलगी जिथं जिथं राहायला गेली, तिथला पत्ता बापानं शोधून लिहिला होता. खरी गोष्ट खिशात असताना आपण खोटी सांगून आलो!

परत फिरायचं धैर्य झालं नाही. घरी येऊन त्यांनी चिठ्ठी पाकिटात घातली, सोबत दोन ओळी लिहिल्या, त्या फाडल्या, नुसती चिठ्ठीच टपालात टाकली. उत्तर आलं नाही. पाकीट पोहोचलं की नाही, तेही कळलं नाही.

तेव्हापासून मावशी बॅगा ठेवून घरी जात नाहीत. शेवटचा माणूस येईपर्यंत लॉजच्या पायरीवर बसून राहतात. जाऊबाई सुरुवातीला ओरडल्या, मग त्यांनी तिथं एक खुर्ची आणून ठेवली. परवा एक तरुण जोडपं फोटो काढत काढत दिवेलागणीला पोहोचलं. मावशी ताडकन उठल्या. "ही काय वेळ झाली? काही रीतभात आहे की नाही?" ती दोघं हसायला लागली, ओळख ना पाळख, या कोण रागावणाऱ्या!

"आणि घरी कळवलंत का, पोहोचलो म्हणून?" मावशींनी दरडावून विचारलं.

दोघांनी नकारार्थी मान हलवली. मावशी त्यांच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या, पोरीनं फोन कानाला लावेपर्यंत. मग त्या गाडीत जाऊन बसल्या. किल्ली हातात होती, पण बराच वेळ त्यांनी गाडी सुरू केली नाही.