नेपो नव्हे, नेरो

टोरोंटोतल्या माझ्या पहिल्या घरमालकीणबाई ग्रीसच्या एका बेटावरच्या. समुद्रकाठच्या लहानशा गावातल्या. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचे आणि वर जाणं शक्यतो टाळायचे. मला बोलायला सुचत नसे. त्या मात्र रोज संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारत, "एला!" म्हणजे ये. मग वर जाऊन मसुराचं सूप प्यावंच लागे.

२००७च्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. आठवडाभर ते फ्रीजवर मॅग्नेटखाली तसंच होतं. बाईंची नजर जात चालली होती. आधी पत्रं वाचून दाखवणारे त्यांचे यजमान आदल्या वर्षी वारले. मुलगा टोरोंटोपासून तासाभरावरच्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात होता. रविवारी येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून जाई. त्याला ग्रीक बोलता येई, वाचता येत नसे.

"चर्चमध्ये कुणाकडून तरी वाचून घ्या ना, आंटी," मी म्हटलं.

"चर्चमध्ये? तिथे आमच्या बंदरावरच्या बायका आहेत, वरच्या गावच्या आहेत, डोंगरापलीकडच्याही आहेत. तिकडे एका गावाहून दुसऱ्या गावाला गाढवावरून अर्धा दिवस लागायचा. इथे सगळ्या एका बाकावर बसतात. प्रसादाचा पाव वाटून होईपर्यंत माझं पत्र बेटावर परत पोचेल."

त्यांनी पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. "तू वाच. मुलगा म्हणतो, इंजिनिअर लोकांना आमची अक्षरं येतात."

"नुसती अक्षरं येतात. अर्थ काही कळणार नाही."

"म्हणूनच."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. आई गेली तेव्हा त्या गावी गेल्या नव्हत्या, आणि तेव्हापासून बहिणीने बोलणं टाकलं होतं. पुरतं दिसेनासं व्हायच्या आत आईच्या दारातून दिसणारा समुद्र त्यांना एकदा बघायचा होता. पण त्या घरात आता बहीण राहत होती. तिने बोलावल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

पत्र सगळं मोठ्या, सुट्या अक्षरांत होतं. डेल्टा, सिग्मा, ओमेगा ही मंडळी पुण्याच्या कॉलेजातल्या फळ्यावरची, ओळखीची. पण काही अक्षरं हुबेहूब इंग्रजीसारखी दिसत होती. मी इंग्रजी शाळेतली, तिथेच फसले. आईची मराठी पत्रं वाचायचे तशी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होते.

"नेपो," मी वाचलं.

"नेपो कोण? आमच्यात नेपो कुणी नाही." त्यांनी तळहात पुढे केला. "काढ बघू."

मी त्यांच्या तळहातावर बोटाने इंग्रजी पी काढला.

"तो र आहे, इंजिनिअरबाई. नेरो. पाणी."

"आम्ही पाण्याला नीर म्हणतो," मी म्हणाले. मग खरं सांगितलं, "म्हणजे बोलताना नाही. कवितेत."

"नेलंत वाटतं आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "पुढे वाच. वरच्या गावात नळ आले म्हणते."

नंतर त्यांनी अर्थ सांगणं सोडून दिलं. मी वाचत राहिले. एरवी ऑफिसात कुणी नाव विचारलं तरी माझा आवाज बसे. आता तोच आवाज स्वयंपाकघरभर ऐकू येत होता, आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. बाईंना मात्र सगळं दिसत होतं. एका शब्दापाशी त्या म्हणाल्या, "हळू. इथे पायऱ्या आहेत." मी थांबले. त्यांनी टेबलाची कड धरली. थोड्या वेळाने मान हलवली, तेव्हा मी पुढे गेले. आणखी दोन ओळींनी त्यांनी दीर्घ श्वास घेतला, खिडकी उघडल्यावर घेतात तसा. खिडकी बंद होती. बाहेर गुडघाभर बर्फ होता.

शेवटच्या ओळीत एकच शब्द होता, तीन अक्षरांचा. एप्सिलॉन, लॅम्डा, आल्फा. अक्षरं जुळवायच्या आधीच तो मला कळला, आणि माझं बोट तिथेच थांबलं.

"काय झालं? वाच ना."

"एला," मी म्हणाले.

"परत."

मी परत म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने, त्या जिन्यावरून मला म्हणायच्या तसं.

बाई उठल्या. भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेल्या आणि पासपोर्ट घेऊन आल्या. तो त्यांनी पत्रावरच ठेवला.

"तारीख वाच," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यापर्यंत चालेल का बघ."