दोन लेकरांचा वाढदिवस आणि मधोमध मी

हसायचं असेल तर चहा संपवून हसा. हा किस्सा ऐकताना आमच्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून आधीच सांगतो. माणसानं किती गाढवपणा करावा याला काही हद्द असेल, तर ती मी ओलांडलेली आहे. आणि तीही कुठं, तर स्वतःच्या लेकरांच्या वाढदिवसात.

आमच्या घरी दोन नग. थोरली आरोही नऊची, धाकटा शौर्य चारचा. दोघांच्या वाढदिवसात बरोब्बर आठ दिवसांचं अंतर. आधी तिचा, मग त्याचा. मी कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. एकाच महिन्यात दोनदा सुट्टी मागितली तर सुपरवायझर असा बघतो, जसं काही मी टाकीतलं ॲसिडच घरी नेतोय. म्हणून शौर्य झाल्यापासून आम्ही दोघांचा मिळून एकच वाढदिवस करायचो, आणि तो दरवर्षी शौर्यच्या तारखेला. का? तर तो लहान, तो रडतो. आरोही समजूतदार, तिनं समजून घ्यायचं.

या वर्षी तिनं समजून घ्यायचं बंद केलं.

रडली नाही, रुसली नाही. वहीचं पान फाडून तिनं माझ्यापुढं अटी ठेवल्या. दोघांचा मिळून करा, पण माझ्या तारखेला. केक दोन. माझा मी एकटी कापणार, शौर्यनं मधेच सुरीला हात लावायचा नाही. माझ्या पाच मैत्रिणी येणार, आम्ही संगीत खुर्ची खेळणार, आणि तेव्हा बारक्या पोरांनी मधे लुडबुडायचं नाही.

"पप्पा, एकदा तरी तो माझा वाटला पाहिजे," ती म्हणाली.

आता सांगा, हे ऐकून बापाचं काय होत असेल? मी तिथल्या तिथं शब्द दिला. आरोहीच्या तारखेला रविवार होता, तोही जमून आला. सुनीतानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, चाळीस माणसांच्या पावभाजीचा बेत ठरवला. शेजाऱ्याकडं माइक-स्पीकर आणि पाच खुर्च्या सांगून ठेवल्या. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग मी त्यात डोकं घातलं.

आमच्याकडं वाढदिवस म्हटला की फ्लेक्स आलाच. पाटसपासून यवतपर्यंत हायवेनं चक्कर मारा, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस लटकलेला असतोच. गेल्या वर्षी आमच्या फ्लेक्सवर शौर्य मधे मोठ्ठा होता आणि आरोही कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. या वर्षी दोघांचे फोटो सारखेच मोठे करायचे हे ठरलं. पण मधे कोण? आरोही मधे आली तर शौर्य गोंधळ घालणार. शौर्य मधे आला तर माझा शब्द गेला. दोन रात्री विचार केला आणि माझ्या सुपीक डोक्यातून तोड निघाली.

डावीकडं आरोही, उजवीकडं शौर्य, आणि मधे मी.

म्हणजे भांडणच नको! मेहुण्याच्या लग्नात मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करताना काढलेला माझा एक फोटो होता. पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू. तो घेऊन मी फ्लेक्सवाल्या सलीमकडं गेलो. लहान मुलांच्या आईबापांना घर सापडावं म्हणून वॉर्ड क्रमांक दोनही टाकायला सांगितलं. त्याच्या कॉम्प्युटरवर तयार डिझाइन होतं, त्यात खाली आधीपासूनच लिहिलेलं होतं, 'समस्त ग्रामस्थांना आग्रहाचे निमंत्रण'.

"दादा, हे काढू का?" सलीमनं विचारलं.

"राहू दे रे, भरल्यासारखं वाटतंय."

"आन् तुमचा फोटो जरा मोठा झालाय. पोरं तुमच्या खांद्यावर बसल्यावानी दिसत्यात."

"बाप आहे त्यांचा. बसू दे."

सलीमनं मशीन सुरू केलं. गिऱ्हाइकाला दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा छापायचं, असा त्याचा नियम आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती.

शुक्रवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. नऊ वाजता मला पहिला फोन आला, अभिनंदनाचा. मला वाटलं लेकरांचं अभिनंदन, मी म्हटलं आशीर्वाद असू द्या. दहापर्यंत असे सात फोन झाले, आणि सगळ्यांना मी आशीर्वाद असू द्या म्हणून बसलो होतो.

दुपारी दारात बुलेट थांबली. आप्पा. म्हणजे आमच्या वॉर्डातून दोनदा निवडून आलेला माणूस. चहा घेतला, मिशी पुसली, आणि म्हणाले, "संजू, आपलं काय वाकडं हाय का?"

"नाही आप्पा, वाकडं कसलं?"

"मंग माघार घे की."

"अहो, मी फॉर्मच भरलेला नाही. लेकरांचा वाढदिवस आहे."

आप्पांनी पुन्हा मिशी पुसली. "लेकरांचा," ते म्हणाले. "व्हय. मी बी पहिल्या टायमाला सत्यनारायणच घातला हुता."

मी जितकं नाही म्हणावं तितकं गावाला पक्कं वाटायला लागलं. उभा न राहणारा माणूस एवढ्या शपथा कशाला घेईल, असा हिशोब. कंपनीच्या कँटीनमध्ये बिहारची पोरं उठून जागा द्यायला लागली. "नेताजी, बैठिए." शिरूरहून माझ्या आतेभावाचा फोन आला, प्रचाराला गाडी पाठवू का म्हणून.

आता खरं सांगतो, कारण तुम्ही घरचेच. शनिवारपासून मी नाही म्हणणंच सोडून दिलं. पंधरा वर्षं व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या माणसाला लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करत होते. बरं वाटत होतं हो. रविवारी मी तोच पांढरा कुर्ता इस्त्री करून घातला. सुनीतानं पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "अहो, वाढदिवस नक्की कोणाचा आहे?"

पाच वाजता माणसं यायला लागली. चाळीस झाली, शंभर झाली, पुढं मोजायचं सोडलं. अंगण भरलं, गल्ली भरली. संगीत खुर्चीच्या पाच खुर्च्यांवर गावातले पाच पुढारी बसले, आणि पुढारी एकदा खुर्चीवर बसला की कसा उठतो हे तुम्हाला माहीतच आहे. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मी हात जोडले. फोटो निघाले. मी पुन्हा हात जोडले.

तेवढ्यात सुनीतानं माझा कुर्ता ओढला. "आरोही गच्चीवर जाऊन बसलीय. खाली येत नाही म्हणते."

वर गेलो. नवा फ्रॉक घातलेली माझी पोर पाच मैत्रिणींबरोबर पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मला बघून उठली नाही.

"खाली चल ना. केक कापायचा," मी म्हटलं.

"तुमचा कार्यक्रम झाला की सांगा," ती म्हणाली. "फ्लेक्स बघितला तेव्हाच मला वाटलं होतं. या वेळी वाढदिवस शौर्यचा पण नाही, तुमचाच आहे."

रागानं म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी शांतपणे म्हणाली. गळ्यातला हार मला एकदम जड झाला. दरवर्षी मी हिला धाकट्याच्या मागं उभं केलं, आणि या वर्षी स्वतःच पुढं येऊन उभा राहिलो. लाज वाटली, तिच्यासमोर वाटली आणि मनापासून वाटली.

हार काढून टाकीवर ठेवला, खाली आलो आणि माइक घेतला. सगळे शांत झाले. त्यांना वाटलं, आता घोषणा होणार.

"मंडळी, मी कशालाही उभा नाही," मी म्हटलं. "तो फ्लेक्स माझ्या मूर्खपणानं तसा झाला. दोन दिवस तुम्ही मान दिलात, मला गोड वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. आज माझ्या लेकीचा वाढदिवस आहे, आणि ती माझ्यामुळं गच्चीवर जाऊन बसलीय."

मग पहिल्या खुर्चीवरचे आबा, वय पंच्याहत्तर, काठी टेकून उठले. "आरं मंग आदी सांगायचं न्हाई का? उठा रं, खुर्च्या पोरींच्या हायत."

आणि आमच्या गावात एक आक्रीत घडलं. पाच पुढारी, न भांडता, एकाच वेळी खुर्चीवरून उठले.

आरोही खाली आली. तिनं एकटीनं तिचा केक कापला, आणि दोन-तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आप्पांनी. मग संगीत खुर्ची झाली. शौर्य आता भोकाड पसरणार असं मला वाटत होतं, पण तिनं त्याच्या हातात शिट्टी दिली. गाणं कधी थांबवायचं ते तो ठरवणार. गडी छाती काढून उभा राहिला, रडायचं विसरूनच गेला. त्याचाही केक नंतर कापला, सुरी त्याच्या एकट्याच्या हातात.

राहिली पावभाजी. माणसं एवढी आणि भाजी चाळिसाची. सुनीता डोक्याला हात लावून बसली होती. आरोहीनं माइक घेतला आणि सांगितलं, "आधी लहान मुलं बसतील, मग आज्या, आणि मोठ्या माणसांना अर्धा अर्धा पाव मिळेल. मैत्रिणी वाढतील. कोणी दोनदा घ्यायचं नाही." कोणी दोनदा घेतलं नाही. सरपंचांनीसुद्धा अर्धाच पाव घेतला, आणि तिला दाखवून घेतला.

जाताना आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संजू, तू उभा ऱ्हायलाच न्हाईस ते बरं झालं. ही पोर एकविसाची हून उभी ऱ्हाईस्तवर मी जगतो. बारा वर्सं काय, आशी जातील."

माणसं पांगली. आरोही पायरीवर बसून उरलेल्या केकचं क्रीम खात होती, शौर्य तिच्या मांडीवर आडवा. मी शेजारी जाऊन बसलो. तिनं चमच्यानं मला थोडा केक भरवला. वाटलं, माफी मिळाली. जीव थोडा हलका झाला, आणि तोंडातून निघून गेलं, "काय गं, समजा पप्पा खरंच उभे राहिले असते आणि तुला मत असतं, तर मला दिलं असतंस ना?"

तिनं चमचा चाटला, आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पप्पा," ती अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "मतदान गुप्त असतं."